उतरलेली बॅटरी आणि मदतीला थांबलेला माणूस

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गाडी बंद पडली तर माणूस फार वेळ एकटा राहत नाही. बॉनेट उघडलेले दिसले की मागून येणारा कुणीतरी वेग कमी करतो, काच खाली होते आणि प्रश्न येतो, "काय झालंय दादा? बॅटरी उतरलीय व्हय?" बघता बघता तिथे तीन-चार माणसे जमतात. त्यातला एक आपली गाडी तोंडाला तोंड लावून उभी करतो, दुसरा डिकीत केबल शोधू लागतो. ही तत्परता मला या मुलखाची मोठी श्रीमंती वाटते. मात्र या धावपळीत एक गोष्ट हमखास सुटते. आपण हे कोणत्या क्रमाने करणार आहोत, आणि मुळात इथे, या गाडीला, आत्ता हे करावे की नाही, एवढा विचार करायला कुणी अर्धा मिनिट थांबत नाही. हे छोटे पुस्तक त्या अर्ध्या मिनिटासाठी लिहिले आहे.

विषय तसा लहान दिसतो. दोन तारा, चार चिमटे, एक लाल, एक काळा. ज्याला जमते तो म्हणेल, यात लिहिण्यासारखे काय आहे? पण जरा नीट पाहिले तर उतरलेल्या बॅटरीच्या मालकाचे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेलेले असते. त्याचा लग्नाचा मुहूर्त चुकला असेल, हळदीचा सौदा हुकला असेल, दवाखान्याची वेळ गेली असेल. चिमटे हातात घेतल्यावर पुढचा धोका बराचसा मदतीला आलेल्याच्या वाट्याला जातो. चालू गाडी त्याची, तिच्यातला कॉम्प्युटर त्याचा, आणि बॅटरीवर वाकलेला चेहराही बहुधा त्याचाच, कारण "सरका, मला येतंय" म्हणून पुढे तोच झालेला असतो. म्हणून सुरक्षित जंप स्टार्ट शिकणे ही मला आपल्या सोयीपेक्षा आपल्यासाठी थांबलेल्या माणसाविषयीची जबाबदारी वाटते. पुढच्या प्रकरणांतली प्रत्येक सूचना त्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

इंजिन सुरू करताना हात सांभाळावा लागतो, हे शिक्षण या भागाला नवे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधचे, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातले, आणि वाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात. लोखंडी नांगरापासून सुरू झालेल्या त्या कारखानदारीतून पुढे पंप आले, आणि किर्लोस्करांच्याच उद्योगातून पुढे डिझेल इंजिनेही आली. कृष्णा-वारणेच्या काठावर आणि माळावरच्या विहिरींवर अशी इंजिने हँडल मारून सुरू होत. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून गेले पाहिजे, मनगट मोडता कामा नये. हे कुणी पुस्तकात वाचले नव्हते. थोरल्याने धाकट्याला मोटेच्या विहिरीवर उभे राहून शिकवले होते, आणि ते पक्के शिकवले होते.

मोटारींचेही असेच होते. अँबॅसडर आणि फियाट वापरलेल्या पिढीला गाडीबरोबर मिळणारे हँडल आठवत असेल. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडलचे दिवस भरत आले. त्या स्टार्टरला, म्हणजे आपल्या 'सेल्फ'ला, लागणारी शिसे आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याआधीच, १८५९ मध्ये, बनवून ठेवली होती. आपल्याकडे दोन्ही वाटा बरीच वर्षे शेजारी शेजारी चालल्या. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये तयार होणारी प्रिया किक मारूनच सुरू होई. आज मोटारीचे हँडल गेले, बऱ्याच दुचाक्यांची किकही गेली. बॅटरी उतरली की, धक्का मारणे सोडले तर, इंजिनापर्यंत पोहोचण्याची दुसरी वाटच उरलेली नाही. आणि हँडलबरोबर अंगठ्याचे ते शिक्षणही गेले. त्याच्या जागी चिमट्यांचे शिक्षण यायला हवे होते, ते आले नाही. केबल तेवढी बाजारात आली.

बॅटरी उतरते कशाने, याची कारणे जगभर सारखीच आहेत. पण या दोन जिल्ह्यांत ती ज्या रूपात भेटतात ते रूप इथल्या जगण्याचे आहे. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागते ते उगाच नाही. घरचा कर्ता सीमेवर, गाडी दारात ताडपत्रीखाली. खानापूर, आटपाडी, तासगावकडचे गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेले, गावाकडची गाडी यात्रेला आणि दिवाळीला बाहेर निघणार. पाटण-जावळीचे माथाडी कामगार मुंबईत. अशी उभी गाडी झोपलेली दिसली तरी झोपलेली नसते. घड्याळ, कुलूप, अलार्म, कॉम्प्युटरची आठवण यांसाठी ती सतत थोडी वीज खात राहते. ही गळती ४० मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास होते. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे तीन आठवड्यांनी सेल्फ मारायला पुरेसे काही उरेल याची खात्री नाही, आणि सुट्टीवर आलेला जवान पहिल्याच सकाळी शेजाऱ्याच्या दारात केबल मागायला उभा. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची मायनसची तार सोडून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. घरातल्या कुणालाही दहा नंबरच्या पान्याने तो करता येतो. माझ्या मते हे पुस्तकातले सर्वांत उपयोगी वाक्य असू शकेल.

दुसरे कारण कास पठारावर भेटते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कासचे नाव आले आणि फुलांच्या हंगामात गाड्यांची रीघ लागू लागली. वर चढताना धुके, पाऊस, म्हणून हेडलाईट लावलेले. गाडी लावून माणसे उतरतात, धुक्यात पांढऱ्या उजेडाकडे लक्ष जात नाही. ५५ वॅटचे दोन दिवे बॅटरीतून नऊ-दहा अँपिअर ओढतात. दोन-तीन तास फुले बघून परत येईपर्यंत लहान बॅटरी सेल्फला नकार देण्याच्या बेतात आलेली असते. त्या जागी फोनला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे मदत म्हणजे शेजारी उभी असलेली अनोळखी गाडी.

तिसरे कारण उन्हाचे आहे आणि त्याबद्दल गैरसमज फार. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठतात, त्या पहाटे पर्यटकांच्या गाड्या रुसतात, आणि दोष थंडीला जातो. थंडीत बॅटरीची ताकद कमी पडते आणि इंजिनातले तेल घट्ट होते हे खरे. पण ती बॅटरी खरी खराब झालेली असते आदल्या एप्रिल-मे महिन्यात, माण, खटाव, जत, आटपाडीच्या चाळिशीतल्या उन्हात. तापलेल्या बॉनेटखाली पाणी उडते, प्लेटांची झीज वेगाने होते. उन्हाने केलेले नुकसान थंडीच्या पहाटे उघडकीस येते, एवढेच. म्हणून बॅटरी तपासायची ती मे महिन्यात आणि दिवाळीच्या आधी, हिल स्टेशनला निघताना नव्हे. परदेशी पुस्तिका गोठलेल्या बॅटरीची भीती घालतात. ती भीती आपल्या दोन जिल्ह्यांत जवळजवळ गैरलागू आहे. इथली काळजी कोरड्या पडलेल्या बॅटरीची.

जंप करण्याआधी रोगाची खात्री करावी. चावी फिरवल्यावर टकटकटक असा भराभर आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा साठलेला असेल तर आधी तो साफ करून, चिमटी घट्ट करून पाहावे. गरम पाणी आणि खायचा सोडा त्याला पुरतो. कित्येकदा गाडी एवढ्यानेच सुरू होते आणि केबलची वेळच येत नाही. दिवे लख्ख आहेत पण सेल्फ हूं की चूं करत नाही, तर दोष स्टार्टरकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे. इंजिन जोरात फिरते आहे पण पेटत नाही, तर प्रश्न इंधनाचा किंवा इग्निशनचा. या दोन्ही प्रसंगी केबल लावणे म्हणजे मदतीला आलेल्याला विनाकारण धोक्यात घालणे. शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा साधा मीटर गाडीत असावा. विसावलेल्या, भरलेल्या बॅटरीवर तो सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. १०.५ च्या आसपास अडकलेली बॅटरी बहुधा आतला एक कप्पा गेल्याचे सांगत असते. तिला जंप करून भागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल आहे, आणि चार्ज होताना तिच्यातल्या पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्के झाले की तो पेट घेऊ शकतो, आणि त्याला एक ठिणगी पुरते. बॅटरी फुटली की प्लास्टिकचे तुकडे आणि आम्ल दोन्ही उडतात, आणि ते उडतात वाकून पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे. जंप स्टार्टचा जो क्रम सांगितला जातो तो सगळा या एका ठिणगीभोवती उभा आहे. हे कारण एकदा ध्यानात आले की क्रम पाठ करावा लागत नाही.

दोन्ही गाड्या जवळ आणाव्या, पण एकमेकींना टेकू देऊ नयेत. दोन्ही बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. दिवे, एसी, गाणी सगळे बंद. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला लावायचे आणि मग दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. हाच क्रम अशासाठी, की हातात मोकळे राहिलेले टोक चुकून कुठे धातूला टेकले तर त्यामागे उतरलेली बॅटरी असावी, भरलेली नसावी. मग काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला. राहिला चौथा चिमटा. तो उतरलेल्या बॅटरीच्या मायनसवर लावायचा नाही. तो त्याच गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर, बॅटरीपासून हातभर लांब, इंधनाच्या नळ्या आणि फिरणारे पट्टे टाळून लावायचा. कारण तीन चिमटे लागेपर्यंत वर्तुळ अपुरे असते. चौथा टेकतो त्या क्षणी वीज धावते आणि ठिणगी पडते. ती पडणारच. आपल्या हातात एवढेच आहे की ती कुठे पडावी. बॅटरीच्या तोंडाशी नको, लांब पडू दे. हे एक पाऊल लोक सर्वांत जास्त टाळतात, कारण मायनसचा खांब समोर दिसत असतो आणि उघडा धातू शोधावा लागतो. या शोधाला लागणारा वेळ दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी द्यायचा आहे.

मग चांगली गाडी सुरू करून तीन-चार मिनिटे चालू ठेवावी आणि उतरलेल्या गाडीला सेल्फ मारावा, एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही लागली तर मिनिटभर थांबून पुन्हा. चार-पाच प्रयत्नांत काही झाले नाही तर सोडून द्यावे आणि मिस्त्रीला बोलवावे. गाडी लागली की चिमटे उलट्या क्रमाने काढायचे, म्हणजे इंजिनावरचा काळा सर्वांत आधी. काढलेले चिमटे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. तुमच्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल तर माझ्यापेक्षा तिचे ऐका. मायनस टर्मिनलवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत, बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असलेल्या गाड्यांत चिमट्यांसाठी वेगळी जागा दिलेली असते. विजेवर चालणारी किंवा हायब्रिड गाडी दुसऱ्याला वीज द्यायला वापरू नये. तिची लहान बॅटरी आणि तिच्यामागची यंत्रणा या कामासाठी बनवलेली नसते.

बॅटरी फुगलेली, तडकलेली असेल, आम्ल पाझरत असेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिला केबल लावू नये. पाणी आहे का बघायला काडी पेटवण्याची जुनी सवय अजून दिसते. तिथे मोबाईलचा टॉर्च वापरावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला लांब उभे राहायला सांगताना संकोच करू नये, मग तो वयाने मोठा का असेना; "तात्या, जरा तिकडं थांबा, इथं गॅस असतो" एवढे म्हटले तर कुणी रागावत नाही. डोळ्यांत आम्ल गेलेच तर साध्या स्वच्छ पाण्याने सलग पंधरा-वीस मिनिटे धुवायचे आणि थेट दवाखाना गाठायचा. दूध, तूप, सोडा काही घालायचे नाही.

केबलविषयी थोडे कडक लिहिले आहे, ते जाणूनबुजून. पेट्रोल गाडीचा सेल्फ सुरुवातीला शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. त्यासाठी तांब्याची किमान १६ चौरस मिलिमीटर जाडीची केबल हवी, मोठ्या डिझेलला २५ ची. वरचे रबर जाड आणि आत तार बारीक अशा केबली हायवेच्या कडेला सर्रास मिळतात. त्या तापतात, वितळतात, आणि घरातली मोटार जोडायची वायर सोलून केलेली केबल तर हात भाजून काढते. चांगली केबल एकदाच घ्यावी लागते.

आता उसाच्या हंगामाचा एक धोका, जो मला या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिवाळीनंतर कऱ्हाड, वाळवा, पलूस भागातले रस्ते ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी भरून जातात. रेठरे, साखराळे, यशवंतनगरच्या साखर कारखान्यांच्या वाटेवर रात्री कार बंद पडली तर समोरून येणारे पहिले वाहन उसाचेच असते, आणि त्याचा ड्रायव्हर मनाने मोकळा असतो. ट्रॅक्टर असेल तर बहुतेक वेळा काम होते, कारण ट्रॅक्टरची यंत्रणा साधारणपणे १२ व्होल्टची असते. खात्री करून घ्यावी, त्याचे इंजिन हळू आवाजात चालू ठेवावे आणि रेस करू देऊ नये. ट्रकचे तसे नाही. मोठ्या ट्रकमध्ये, तसेच एसटीमध्ये, बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना केबल लावली तर कारच्या कॉम्प्युटरवर, एअरबॅगच्या यंत्रणेवर दुप्पट दाब जातो, आणि उतरलेली बॅटरी जोरात गॅस सोडू लागते. दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून जोड घेण्याची युक्ती काही जुने ड्रायव्हर करतात. पण अंधारात, घाईत, कोणत्या खांबाला काय जोडले आहे याचा गोंधळ एका क्षणात होतो आणि नुकसान दोन्ही वाहनांचे होते. ट्रकवाल्या दादांचे आभार मानावेत, त्यांच्या फोनवरून कुणाला बोलवायचे असेल तर बोलवावे, आणि केबल डिकीतच ठेवावी.

धक्का मारून गाडी लावण्याची सवय आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले. सपाट रस्त्यावर, मॅन्युअल गिअरची गाडी, बॅटरीत थोडी धुगधुगी, तर ती लागते. ऑटोमॅटिक लागत नाही. बॅटरी पार बसली असेल तर इंधन पंप आणि कॉम्प्युटर जागे होत नाहीत, मग पूर्ण वाडीने धक्का मारला तरी उपयोग नाही. पण खरी भीती घाटाची आहे. पसरणी घाटात किंवा खंबाटकीत गाडी बंद पडली की "उतारावर सोड, आपोआप लागेल" असा सल्ला कुणीतरी देतोच. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पाय दाबेपर्यंत पुरते, नंतर ब्रेक दगडासारखा होतो. पॉवर स्टिअरिंग जड होते. चावी मागे फिरली तर स्टिअरिंगला कुलूपही लागते. समोर वळण, खाली दरी, मागे धक्का मारून धापा टाकणारी माणसे. घाटात गाडी उतारावर सोडू नये, कुणी कितीही खात्री दिली तरी. चाकामागे दगड लावावेत, चारही इंडिकेटर चालू ठेवावेत, त्रिकोण मागे लांब ठेवावा आणि माणसांना रस्त्याच्या कडेच्या सुरक्षित बाजूला उभे करावे. हायवेवर असाल तर १०३३ या राष्ट्रीय महामार्गाच्या क्रमांकावर फोन करावा. वेळे ते कासेगाव या पट्ट्यात भरधाव वाहनांच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहणे हा बॅटरीपेक्षा मोठा धोका आहे. गाडी ढकलून सर्व्हिस रोडला नेता येत असेल तर आधी ते करावे आणि मग चिमट्यांचा विचार.

सांगलीकरांसाठी एक प्रकरण पुराचे आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरले. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीत चिखलाने माखलेल्या गाड्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक घराला पहिल्यांदा वाटले की निदान गाडी तरी सुरू होते का बघू. हे वाटणे अगदी माणसाचे आहे. घर धुऊन निघालेले, सामान गेलेले, आणि समोर एक वस्तू अशी जी कदाचित वाचली असेल. तरीही पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला केबल लावू नका, चावीही फिरवू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फने इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जी गाडी साफसफाईने, तेल बदलून वाचली असती तिचे इंजिन उतरवावे लागते. नेहमीच्या विम्यात असे नुकसान बहुधा धरत नाहीत, इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते. पूर ओसरल्यावर करायचे एवढेच: बॅटरीची मायनसची तार सोडायची, फोटो काढून विमा कंपनीला कळवायचे, आणि गाडी ओढून गॅरेजला न्यायची. विजेवरची गाडी बुडाली असेल तर तिला हातही न लावता तिच्या सर्व्हिस सेंटरला कळवायचे. पुराच्या दिवसांत मदतीला धावणारी पोरे गल्लोगल्ली असतात. त्यांनी केबल घेऊन फिरण्याआधी हे प्रकरण वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाडी लागली म्हणजे काम झाले, हा समज इतका पक्का आहे की लोक पुढच्याच चहाच्या टपरीवर इंजिन बंद करतात आणि पुन्हा केबल शोधू लागतात. अल्टरनेटर, ज्याला आपले मिस्त्री अजून डायनॅमोच म्हणतात, तो उतरलेली बॅटरी तासाभरात पूर्ण भरत नाही, आणि उभ्या गाडीत तर फारच थोडे भरतो. साताऱ्याहून कऱ्हाडपर्यंत न थांबता गेलात तर पुढच्या सेल्फपुरती वीज बहुधा साठेल. पण खरा इलाज बॅटरी रात्रभर चार्जिंगला टाकणे हाच. रिकामी बॅटरी दिवसचे दिवस तशीच ठेवली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती भरायचीच थांबते. गाडी चालू असताना मीटर १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवत नसेल तर दोष बहुधा बॅटरीचा नाही, चार्जिंगचा आहे. नवी बॅटरी घातली तरी आठवड्यात तीच कथा होईल. बॅटरी बदलली तर जुनी भंगारवाल्याला न देता दुकानदारालाच परत करावी. शिसे विषारी आहे आणि घराच्या अंगणात फोडलेल्या बॅटरीतले शिसे लहान मुलांच्या अंगात जाते.

एक शेवटचा मुद्दा वाचकांविषयी. बॉनेट उघडणे हे पुरुषांचे काम, असे आपल्याकडे न बोलता धरलेले असते. कऱ्हाड, मिरज, सातारा इथल्या कॉलेजांत, बँकांत, दवाखान्यांत रोज गाडी चालवत जाणाऱ्या मुली आणि बायका आता हजारोंनी आहेत. यात जोर लागत नाही, क्रम लागतो. एखाद्या ताईने मदतीला आलेल्या चौघांना "शेवटचा चिमटा तिथं नको, इकडं इंजिनावर लावा" असे सांगावे आणि त्यांनी ऐकावे, यासाठीही हे पुस्तक आहे.

पुढची पाने चाळण्याआधी आपल्या गाडीचे बॉनेट दिवसाउजेडी एकदा उघडा. बॅटरी कुठे आहे, प्लसवर लाल टोपण शाबूत आहे का, ती किती साली बसवली याचा शिक्का दिसतो का, आणि चौथा चिमटा लावायला रंग नसलेला धातू नेमका कुठे सापडतो, एवढे पाहून ठेवा. शक्य असेल तर घरातल्या आणखी एकाला सोबत घ्या. पहिले प्रकरण तुम्हाला या चार गोष्टी माहीत आहेत असे धरूनच सुरू होते.